मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज उतरवणारे थेंब कसे घालावेत

ऑपरेशननंतर बहुतेकांना सुजेसाठी दोन प्रकारचे थेंब मिळतात. एक स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन १ टक्का. दुसरा स्टिरॉइड नसलेला, म्हणजे नेपाफेनॅक, केटोरोलॅक किंवा ब्रोमफेनॅक. सोबत अँटिबायोटिक असतंच. बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांवर पेनाने ठळक आकडे घाला.

प्रेडनिसोलोनचं औषध पांढरट असतं आणि तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर वरचं पाणचट औषधच डोळ्यात जातं.

हात साबणाने धुवा. मान मागे टाका, खालची पापणी ओढून खळगा करा आणि बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. दुसरा घालून उपयोग नाही. डोळ्यात तेवढं मावतच नाही, औषध गालावर ओघळतं. मग डोळा हलकेच मिटा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, बुबुळावर मात्र दाब नको. घशात कडवट चव आली, तर औषध नाकात उतरलं असं समजा. पुढच्या थेंबाआधी पाच मिनिटं थांबा. मलम असेल तर ते शेवटी.

खरी गडबड होते ती औषध कमी करताना. स्टिरॉइड बऱ्याचदा पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी, असं देतात. काही डॉक्टर चार वेळांपासून सुरू करतात. चिठ्ठीत असेल तेच धरा. दुसऱ्या आठवड्यात लाली गेली म्हणून अनेक जण बाटली बाजूला ठेवतात आणि सूज उलटते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची (रेटिनावरची) सूज तर अनेकदा चार ते सहा आठवड्यांनी येते, म्हणून मधुमेह्यांना स्टिरॉइड नसलेला थेंब जास्त दिवस चालू ठेवायला सांगतात. नेपाफेनॅक ०.१ टक्का दिवसातून तीनदा घालतात, ०.३ टक्का एकदाच. औषधाच्या दुकानात बाटली बदलून मिळाली तर हा आकडा आधी वाचा.

स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, तोही न दुखता. त्यामुळे 'बरं वाटतंय' म्हणून तपासणी चुकवू नका. उलट दुखणं वाढलं, नजर अंधुक झाली किंवा घाण येऊ लागली, तर थेंब मनाने न वाढवता त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवा.

उरलेली बाटली टाकून द्या. उसाचं पातं लागून लाल झालेल्या डोळ्यात हेच स्टिरॉइड घातलं, तर बुरशीचा संसर्ग झपाट्याने पसरतो.