सीथ्रीआर झालंय? मग या चुका टाळा

भाच्याच्या डोळ्याचं सीथ्रीआर, म्हणजे डोळ्याचा कमकुवत झालेला पडदा घट्ट करायचं ऑपरेशन, झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी आई त्याच्यापुढं बोटं धरून बसली. "किती दिसत्यात सांग बघू." पोराच्या डोळ्याला धार लागलेली, उजेड सोसेना, त्यात आजीची ही परीक्षा. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढल्या काढल्या तिनं समोरच्या दुकानाची पाटी वाचली होती. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे हे असंच, हा तिचा हिशोब. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात पुढं ज्या चुका झाल्या, किंवा होता होता राहिल्या, त्यातल्या निम्म्या या हिशोबामुळंच.

भाच्याला केराटोकोनस हा आजार आहे. त्यात बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढं येतो. निरोगी माणसातही तो मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. सीथ्रीआरमध्ये बहुतेक वेळा त्याच्यावरची नाजूक साल काढतात, बी-टू जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब मुरवतात आणि अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत थेंबांना अर्धा तास, किरणांना अर्धा तास. त्यानं पडद्यातले कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडले जातात. आजार आहे तिथं थांबावा एवढ्यासाठी हा खटाटोप. गेलेली नजर परत आणणं हे त्याचं काम नव्हे.

हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलंही होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात बहीण पोराला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली, नवा नंबर काढला, काचा बसवल्या. दोन महिन्यांत त्या काचा निरुपयोगी झाल्या. पहिला महिनाभर नजर आधीपेक्षा धूसर वाटते. पडद्यावर हलकं धुकं धरतं, ते विरायला काही महिने लागतात. सुरुवातीच्या टोपोग्राफीत, म्हणजे पडद्याचा बाक मोजणाऱ्या तपासणीत, आकडे वाढलेलेही दिसू शकतात. "मामा, ऑपरेशन फसलं वाटतंय," असं भाचा म्हणाला तो याच काळात. चष्मा असो की कडक लेन्स, डॉक्टर सांगेपर्यंत पैसे घालू नका. पण तपासणीच्या तारखा मात्र चुकवू नका, कारण आजार थांबला की नाही हे सहा महिन्यांच्या, वर्षाच्या टोपोग्राफीतच कळतं. "आता बरं आहे, कशाला जायचं," हे वाक्य आमच्याही घरात म्हणून झालंय.

सगळ्यात मोठी चूक: डोळा चोळणं

एकच गोष्ट वाचणार असाल तर ही वाचा. केराटोकोनसच्या पेशंटांत ॲलर्जी आणि डोळे चोळायची सवय फार आढळते, आणि चोळण्यानं पडदा आणखी कमकुवत होतो. सीथ्रीआरनंतरही चोळणं चालूच राहिलं तर आजार पुन्हा सरकू शकतो. आमचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे गुऱ्हाळं पेटलेली, उसाचा पाला जळतोय, रस्त्यावर ट्रॅक्टरची धूळ. डोळ्याला खाज येणारच. "चोळू नकोस रं" असं दिवसातून पन्नास वेळा ओरडून काही होत नाही. खाज थांबवावी लागते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की खाज येते, ते ॲलर्जीचे थेंब देतात. मिटलेल्या पापणीवर न दाबता गार, कोरडा, स्वच्छ कपडा ठेवला तरी बरं वाटतं, आणि बाहेर पडताना गॉगल. आमचा चोर तर झोपेत सापडला. पहाटे बहिणीनं बघितलं तर पठ्ठ्या मूठ डोळ्यात खुपसून पालथा झोपलेला. तेव्हापासून रात्री प्लास्टिकची ढाल चिकटवली. ती पहिल्या रात्रीपासूनच हवी होती.

माती, पाणी, गुलाल

भाचा तालमीत जाणारा. वस्ताद प्रेमानं म्हणाले, "ताक-हळद घातलेली माती हाय, काय हुईत न्हाई." अंगाला नसेल होत. पण साल काढलेल्या डोळ्यात माती गेली की जंतूंना दार उघडं. माती आणि पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो. त्याचा संसर्ग बरा करताना नाकीनऊ येतात. म्हणून आखाडा, पंचगंगेत पोहणं, डोक्यावरून तांब्यानं अंघोळ, सगळं परवानगी मिळेपर्यंत बंद. आईला तर दुसऱ्याच रविवारी नवस फेडायला जोतिबाला जायचं होतं. तिथं गुलाल-खोबऱ्याची उधळण! नवस दोन महिने थांबला. देव रागावला नाही.

थेंबांचे घोळ

आमच्याकडं तीन बाटल्या होत्या: अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि ओलाव्याचे थेंब. पहिल्या दिवशी तिन्ही एकापाठोपाठ घातले आणि सगळं गालावरून वाहून गेलं. दोन थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या. काही स्टिरॉइडच्या बाटल्या दर वेळी हलवाव्या लागतात, नाहीतर औषध तळाशीच राहतं. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर आम्ही वेळांच्या खुणा केल्या, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

स्टिरॉइड मनानं बंद करू नका, आणि उरलंय म्हणून चालूही ठेवू नका. जास्त दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो. दुखतंय म्हणून बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणणं तर साफ चूक, त्यानं जखम भरतच नाही. गुलाबपाणी, मध, निरशा दुधाची घडी हे आमच्या आळीतून आलेले सल्ले. ऐकून घेतले, चहा पाजला.

लेन्स पडली तर?

जखम भरेपर्यंत, साधारण चार-पाच दिवस, डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात. आमची तिसऱ्या रात्री उशीवर सापडली. बहीण ती नळाखाली धुऊन परत बसवायला निघाली होती! पडलेली लेन्स परत घालायची नाही. ती डबीत टाका आणि डॉक्टरांना फोन करा.

पहिले दोन-तीन दिवस दुखणं, पाणी येणं, पापणी सुजणं हे चालायचंच. पण कमी झालेलं दुखणं पुन्हा उसळलं, लाली वाढली, चिपडं येऊ लागली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर एकदम उतरली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा.

आणि घरातल्या बाकीच्या पोरांचेही डोळे तपासून घ्या, हा आजार भावंडांत सापडतो. बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, एकात आधी, दुसऱ्यात मागून. भाच्याच्या दुसऱ्या डोळ्यावर नजर ठेवून आहोत. धाकट्या भाचीची टोपोग्राफी मागच्या महिन्यात केली, ती नीट निघाली. डोळे मात्र तीही चोळते.