उजनीच्या काठावरून क्रँकबेट: ओठ बघून घ्या, रंग नंतर

दुकानात क्रँकबेट, म्हणजे गळ लावलेला बनावट मासा, बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते आणि फसगत तिथंच होते. बघायचा तो ओठ, म्हणजे तोंडापुढं असते ती प्लास्टिकची पट्टी. रील फिरवायला लागलं की पाण्याचा दाब या पट्टीवर येतो, क्रँकबेट डोकं खाली घालतं आणि डावीउजवीकडं हलत बुडत जातं. ओठ आखूड आणि जवळजवळ उभा असेल तर ते एक-दीड मीटरच्या खाली जात नाही. मध्यम लांबीच्या तिरक्या ओठाचं दोन ते तीन मीटर जातं. अंगाच्या रेषेत सरळ पुढं आलेला लांब ओठ असेल तर चार-पाच मीटर. खोक्यावर लिहिलेली खोली बारीक दोरा आणि लांब फेक धरून लिहिलेली असते. जाड दोऱ्यावर ती हमखास कमी भरते, कारण जाड दोऱ्याला पाणी जास्त अडतं.

काठावरून खेळणाऱ्यानं लांब ओठाचं नाही घेतलं तरी चालतं. ते पूर्ण खोलीवर पोचेपर्यंत निम्मी फेक संपलेली असते आणि पुढं उताराचा तळ वर येत असतो, मग शेवटचे दहा मीटर ते नुसता गाळ उकरत येतं. आखूड ओठाची दोन आणि मध्यम ओठाची दोन, ७ ते १४ ग्रॅमची, एवढ्यावर बरीच वर्षं निघतात. आखूड ओठ चौकोनी असलेला बघा. दगडाला किंवा बुंध्याला आधी त्याचा कोपरा लागतो आणि गळ अडकायच्या आत क्रँकबेट बाजूला उडतं.

किती खोलीचं लावायचं याचं उत्तर उजनीवर उन्हाळ्यातच मिळतं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठाच उरला, की जुने शेताचे बांध, विहिरींची तोंडं, बाभळीचे बुंधे, रस्त्यांचे भराव उघडे पडतात. तेव्हा काठानं फिरून फोटो काढा, फोनमध्ये लोकेशन सेव्ह करा आणि त्या दिवसाची पाणीपातळी सोबत लिहून ठेवा. धरण शंभर टक्के भरतं तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते, मृतसाठा ४९१.०३ मीटरच्या खाली. समजा पातळी ४९०.५० असताना एखादा बांध नेमका पाण्याच्या कडेला दिसला. धरण भरल्यावर तोच बांध सव्वासहा मीटरच्या खाली जातो, म्हणजे काठावरच्या माणसाच्या हातातून गेला. पण आवर्तनं सुटून पातळी ४९३ वर उतरली की तो अडीच मीटरवर येतो, आणि मध्यम ओठाचं क्रँकबेट त्याला बरोबर टेकतं. वजाबाकी एवढीच आहे, तरी ती न करता माणसं दिवसभर मोकळं पाणी ढवळत बसतात. फोटो काढताना कडेच्या गाळात मात्र उतरू नका. वरून तडे गेलेला, वाळलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत पाय जातो.

विकत आणलेलं क्रँकबेट आधी बादलीत सोडा. बोटानं तळापर्यंत दाबून सोडलं की जे झटकन वर येतं ते दगड-बुंध्यांच्या जागेसाठी, कारण अडखळल्यावर ते आपोआप वर सुटतं. सावकाश वर येणारं किंवा जागीच तरंगत राहणारं डिसेंबर-जानेवारीच्या गार पाण्यासाठी, मासा सुस्त असतो तेव्हा. स्वस्त मालात दोन गोष्टी तपासा. ओठ अंगाला चिकटवलेल्या ठिकाणी हलतो का, आणि तिहेरी गळ पकडीनं सहज वाकतो का. गळ मऊ असेल तर बदला, पण त्याच मापाचा आणि साधारण त्याच वजनाचा घाला. जड गळ घातले की तरंगणारं क्रँकबेट निम्मं बुडतं आणि त्याची हालचालही मंदावते.

रॉड साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, निम्म्यापर्यंत वाकणारा घ्या. ताठ रॉडवर मासा लागल्याबरोबर तिहेरी गळ तोंडातून फाटून निघतो. वेणीचा दोरा १५-२० पौंडी आणि पुढं हातभर फ्लोरोकार्बन, मरळीच्या जागेत ३० पौंडी. दोरा स्नॅपनं जोडा, पण फिरकी असलेला स्नॅप नको, नाकावर वजन आलं की डोलणं बिघडतं. मूळ कडीलाच गाठ मारून घट्ट आवळली तर तेच होतं.

पहिली फेक पायाजवळच, तीन-चार मीटरची, आणि थोडं जोरात ओढून बघायचं. क्रँकबेट सरळ न येता एका बाजूला कलून वर येत असेल तर ते सुरात नाही. ओठ तुमच्याकडं करून हातात धरा. येताना ते तुमच्या डावीकडं पळत असेल तर दोरा बांधायची कडी नोज प्लायरनं उजवीकडं वाकवा, उजवीकडं पळत असेल तर डावीकडं. वाकवायचं केसभर. कडी पिरगळायची नाही, नाहीतर बुडातून सैल होऊन आत पाणी शिरतं. पुन्हा फेका, पुन्हा बघा. मोठा मासा लागून गेला किंवा दगडावर जोरात आपटलं की हे परत तपासावं लागतं.

खेळताना फेक बांधाच्या आठ-दहा मीटर पलीकडं टाका, म्हणजे बांधापाशी येईपर्यंत क्रँकबेट खोलीवर पोचतं. रॉडचं टोक पाण्याकडं झुकवा, पाच-सहा वेटोळे जोरात, मग मध्यम वेगानं. हाताला टकटक जाणवली की ओठ दगडाला लागला. इथं बहुतेक जण घाबरून वेग वाढवतात आणि गळ अडकवून घेतात. उलट थांबा, एक-दोन सेकंद ढील द्या, क्रँकबेट वर सुटू द्या, मग पुन्हा ओढा. मासा बऱ्याचदा याच थांबण्यावर घेतो. अख्ख्या फेकीत एकदाही काही लागलं नाही तर ते उथळ पडतंय. सारखा गाळ आणि शेवाळ येत असेल तर ते जास्त खोल जातंय.

तरीही अडकलंच तर ओढू नका, ओढलं की गळ आणखी रुततो. दोरा पूर्ण सैल सोडून अर्धा मिनिट थांबा. तरंगणारं क्रँकबेट कित्येकदा स्वतःच मागं निघतं. नाही निघालं तर गॅरेजात फेकून दिलेला बाइकचा स्पार्क प्लग स्नॅपनं दोऱ्यात अडकवून खाली घसरू द्या. तो नाकावर आदळून गळ सोडवतो. एक प्लग पेटीत कायमचा ठेवा.

मासे कोणते? मरळ आणि शिवडा ही खरी गिऱ्हाइकं, मधूनच चिलापीही झडप घालते. रोहू-कटल्यासाठी क्रँकबेट टाकण्यात अर्थ नाही, त्यांना कणकेची गोळीच लावा. मरळ जलपर्णीच्या आत असते आणि तिथं उघडे गळ दोन हातसुद्धा चालत नाहीत. आत रबरी बेडूक टाका, क्रँकबेट जलपर्णीच्या कडेला समांतर ओढा. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर ती जागा सोडून द्या. राखणीला आई-बाप खालीच असतात आणि ते भुकेनं नाही, रागानं चावतात. ते गेले की थवा इतर माशांच्या पोटात गेलाच म्हणून समजा.

रंगाचं थोडक्यात: पाणी निवळ असेल तेव्हा चंदेरी किंवा करडा, उजनीचं नेहमीचं हिरवट पाणी असेल तर पोपटी किंवा पांढरा, पावसाळ्याचं लाल पाणी आलं की काळा आणि आत मणी वाजणारा.

धरणात आणि तलावात गळ टाकायला परवानगी लागते आणि ठेका कुणाचा आहे त्यावर नियम बदलतात. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, बंदी कधी आहे तेही मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. भीमेत बंधाऱ्याखाली उभं राहणार असाल तर उजनीतून नदीत पाणी सुटतंय का याची चौकशी करून जा.

घरी आल्यावर क्रँकबेट वाळवूनच पेटीत ठेवा, नाहीतर गळ गंजतात. रबरी बेडूक त्याच कप्प्यात नको, रबरातल्या तेलानं रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळून चिकटतं. आणि मे महिन्यात पेटी गाडीच्या डिकीत विसरू नका, सोलापूरच्या उन्हात बंद डिकीत ओठाचा सांधा सैल होतो.