घर न बघता होणारं अप्रेझल: अमेरिकेत घर घेताना या चुका टाळा

लेंडरने (कर्ज देणाऱ्या संस्थेने) 'डेस्कटॉप अप्रेझल', म्हणजे घरी न येता कागदांवरून घराच्या किमतीचं मूल्यांकन, होणार असं सांगितलं की हायसं वाटतं. कुणी घरी येणार नाही, काम लवकर उरकेल. पण अप्रेझर (मूल्यांकन करणारा) घरात पाऊल टाकत नाही, म्हणजे किंमत ठरते ती फ्लोअर प्लॅन, फोटो, एमएलएसवरची (एजंटांच्या सामाईक यादीतली) विक्रीची लिस्टिंग आणि काउंटीचं (जिल्ह्याचं) रेकॉर्ड यांवरून. यातले दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की गाडी अडते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

पात्रता न तपासणं. लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांनी मार्च २०२२ पासून ही सोय दिली. खरेदीचाच व्यवहार हवा, घर एका कुटुंबाचं आणि स्वतः राहण्यासाठी हवं, कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत हवं. काँडोला (सामाईक मालकीच्या संकुलातल्या युनिटला) ही सोय नाही. गंमत अशी की बाहेरून टाउनहाउस दिसणारं घर कागदोपत्री काँडो निघू शकतं. डीडमध्ये (मालकीच्या दस्तात) 'युनिट' आणि 'कॉमन एलिमेंट्स' असे शब्द असतील तर लोन ऑफिसरला त्याच दिवशी सांगा. ही गोष्ट उशिरा उघडकीस आली तर नेहमीचं अप्रेझल नव्याने मागवावं लागतं आणि क्लोझिंगची (व्यवहार पूर्ण होण्याची) तारीख हातची जाते.

आतलं माप बाहेरचं म्हणून देणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फ्लोअर प्लॅनवर आतल्या भिंती, दारं, जिने आणि खोल्यांची नावं तर हवीतच, पण मापं बाहेरच्या भिंतींची हवीत. फोनवरचं स्कॅनिंग अ‍ॅप मात्र आतून मोजतं. बाहेरून ४० बाय ३० फुटांचं घर घ्या: १,२०० चौरस फूट. भिंत सहा इंचांची असेल तर आतून ३९ बाय २९, म्हणजे १,१३१. मजल्यामागे ६९ आणि दोन मजल्यांना १३८ चौरस फूट गायब! अप्रेझरने चौरस फुटाला १०० डॉलर फरक धरला तर १३,८०० डॉलर गेले. भिंतीची जाडी मिळवली आहे का, हे लिस्टिंग एजंटमार्फत (विकणाऱ्याच्या एजंटमार्फत) प्लॅन काढणाऱ्याला विचारा. मोठा आरसा किंवा काचेचं सरकतं दार असलं की स्कॅन हमखास फसतं. तिथे टेपनेच मोजायला सांगा.

बेसमेंट (तळघर) क्षेत्रफळात धरणं. आई-बाबा आले की त्यांच्यासाठी म्हणून खाली खोली आणि बाथरूम केलेलं असतं, लिस्टिंगमध्ये ते ऐटीत मिळवलेलं असतं. पण जो मजला थोडासुद्धा जमिनीखाली आहे, तो मुख्य क्षेत्रफळात येत नाही. मागच्या अंगणात उघडणारा वॉकआउट असला तरीही नाही. त्याची किंमत धरतात, पण वेगळ्या ओळीत आणि सहसा कमी दराने. त्यामुळे '३,२०० चौरस फूट' वाचून ऑफर दिली असेल तर अप्रेझलमध्ये २,३०० दिसलं म्हणून दचकू नका. ऑफर देण्याआधीच दोन आकडे वेगळे करून घ्या.

एजंटच्या प्लॅनवर विसंबणं. एजंटला व्यवहारात पैसे मिळतात, म्हणून त्याने दिलेली माहिती अप्रेझरला त्रयस्थ ठिकाणाहून पडताळावी लागते. काउंटीत तीन बेडरूम आणि प्लॅनवर चार, किंवा पर्मिट न काढता बांधलेली सनरूम, असं काही निघालं की पुढचं काम थांबतं. पर्मिटची प्रत विकणाऱ्याकडे नसली तर टाउनशिपच्या बांधकाम विभागाकडे मागा. न्यू जर्सीत ओप्राखाली (तिथल्या सरकारी कागदपत्रं मागण्याच्या कायद्याखाली) अर्ज केला की साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर येतं.

फोटो आडवे, दिवे लावून, खोलीच्या कोपऱ्यातून काढलेले असावेत. वाइड लेन्स नको. दहा फुटांची खोली त्यात हॉल दिसते. आणि इन्स्पेक्शन (घराच्या अवस्थेची वेगळी तपासणी) सोडू नका. छत गळतं का, हे अप्रेझर सांगणार नाही.

किंमत कमी आली की चुकीच्या वाटेने भांडणं. करार ५ लाख डॉलरचा, अप्रेझल ४ लाख ८० हजारांचं. ९० टक्के कर्ज कमी आकड्यावर मिळतं: ४ लाख ५० हजारांऐवजी ४ लाख ३२ हजार. खिशातून ५० ऐवजी ६८ हजार. अशा वेळी अप्रेझरला फोन करून आकडा वाढवायला सांगू नका. लेंडरकडे लेखी 'रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू' (किमतीचा फेरविचार) मागा. एका अप्रेझलवर एकदाच मागता येतं, तेही क्लोझिंगआधी, आणि जास्तीत जास्त पाच घरांचे दाखले देता येतात. हे दाखले पूर्ण झालेल्या विक्रीचे हवेत. झिलो या वेबसाइटचा अंदाज किंवा शेजाऱ्याने मागितलेली किंमत इथे चालत नाही. प्लॅनमध्ये मापाची चूक असेल तर तीच पुढे करा, ती दाखल्यांपेक्षा भक्कम ठरते.

अहवालाची प्रत क्लोझिंगच्या तीन कामाच्या दिवस आधी मिळणं हा तुमचा हक्क आहे. कागदांच्या गठ्ठ्यात तो सोडून देण्याचा एक फॉर्म असतो. त्यावर सही करू नका, नाहीतर क्षेत्रफळ, बेडरूम आणि बाथरूमचे आकडे क्लोझिंगच्या टेबलावर पहिल्यांदा बघाल.