शाळेने निलंबित केलेल्या मुलाचा अभ्यास घरी कसा चालू ठेवायचा

कळवा-ऐरोलीकडच्या मुलांचा अभ्यास घेताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. निलंबन संपवून वर्गात परतलेल्या मुलाला फळ्यावरचं काही कळलं नाही, की ते पुन्हा दंगा करू लागतं. म्हणून घरी बसलेल्या दिवसांत अभ्यास तुटू द्यायचा नाही. आणि "चांगली अद्दल घडवा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. शिक्षा शाळेने दिली आहे, घरात दुसरी नको.

आधी कागद. निलंबन कधीपासून कधीपर्यंत आणि मधल्या घटक चाचणीचं, तोंडी परीक्षेचं काय, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. "दाखला काढून न्या" असं कोणी सुचवलं तर त्या अर्जावर अजिबात सही करू नका. सही केलीत की मूल तुम्हीच स्वतःहून काढून नेलं अशी नोंद होते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही (अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही). निलंबनाच्या पत्रात शेवटची तारीखच नसेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.

पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. बसायची वेळ शाळेचीच ठेवा.

आता खरी अडचण. सगळे सांगतात, "मित्राकडून वह्यांचे फोटो मागवा आणि उतरवून घ्यायला लावा." मला हा सल्ला ऐकवत नाही. नववीच्या बहुपदींचंच बघा. संश्लेषक भागाकारात (फक्त सहगुणक लिहून बहुपदीला भागायची छोटी रीत) भाजक एक्स + २ असेल तर बाजूला −२ लिहितात. फोटोत ते −२ दिसतं, पण का ते दिसत नाही. शिक्षकांनी ते तोंडी सांगितलेलं असतं: एक्स + २ = ० धरलं की एक्सची किंमत −२ येते. मूल सुवाच्य अक्षरात पानंच्या पानं उतरवतं, घरचे समाधानी होतात आणि चाचणीत भाजक एक्स − ३ आला की मूल ३ च्या जागी −३ लिहून मोकळं होतं. बुडालेली असते ती समजावणी. वही भरून ती भरून निघत नाही.

माझी पद्धत अशी आहे. वर्ग कुठवर आला एवढंच फोटोत बघायचं आणि फोन बाजूला ठेवायचा. मग पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण मुलाने मोठ्याने वाचायचं आणि शेजारी बसलेल्याने प्रत्येक पायरीला "हे का केलं?" विचारायचं. विचारणाऱ्याला गणित यायलाच हवं असं नाही. आजीने विचारलं तरी चालतं, कारण मूल कुठे अडखळलं ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. अडलं तिथे पेन्सिलने फुली. नंतर सरावसंचातलं पहिलं गणित काहीही न बघता सोडवायचं. अडलं तर तिथेही फुली. संध्याकाळी इमारतीतल्या कॉलेजात जाणाऱ्या ताईला किंवा दादाला फक्त फुल्या दाखवायच्या, अख्खा धडा नव्हे. व्हिडिओसुद्धा फुलीपुरताच. सलग व्हिडिओ बघून मुलाला कळल्यासारखं वाटतं, पण हात चालत नाही.

लोकलने घरी यायला रात्रीचे आठ वाजत असतील, तरी जेवणाआधी पंधरा मिनिटं द्याच. त्या पंधरा मिनिटांत शाळेत काय घडलं हा विषय काढायचा नाही. काढलात की दुसऱ्या दिवशी मूल अभ्यासाला बसत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की याबाबत मी कोणाचंच ऐकत नाही.

भाषा आणि इतिहास: धडा वाचायचा, पुस्तक मिटून सांगायचा. विज्ञानाच्या प्रयोगांची कृती वाचून ठेवायची. प्रयोग मात्र शाळेतच होणार. म्हणून परतल्यावर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटून दोन कागद द्या: न सुटलेल्या फुल्यांची यादी आणि राहिलेले प्रयोग कधी करून घेणार, हे विचारणारा अर्ज. त्या अर्जाचीही पोच घ्या.