डेंग्यूचा रुग्ण घरी असेल तर: ताप उतरण्याच्या दिवसांतली राखण

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाला डेंग्यू झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "प्लेटलेट किती?" विचारायला हरकत नाही, पण जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने. केशवाहिन्यांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंती सैल पडतात, रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात-छातीत झिरपतो आणि रक्तदाब ढासळतो. विषाणूचे एनएस१ नावाचे प्रथिन या भिंतींना थेट इजा करते, असे २०१५ साली प्रयोगांत दिसले. गळतीचा खरा जोर ताप उतरता उतरता असतो आणि तो २४ ते ४८ तास टिकतो. "ताप गेला, उद्या कामावर जातो" असे रुग्ण म्हणतो, तोच दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचा.

एक वही करा. ताप ज्या दिवशी चढला तो पहिला दिवस. रिपोर्ट ज्या दिवशी आला तो धरू नका. ताप, किती प्यायला, लघवी किती वेळा झाली, उलटी झाली का, हे वेळेसकट लिहा. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. डॉक्टरांना तोंडी "चार-पाच दिवस झाले असतील" सांगण्यापेक्षा ही वही दाखवणे कितीतरी कामाचे.

पहिल्या तीन दिवसांत एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करून घ्याच. त्यातला पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, हा आकडा पुढे मोजपट्टी होतो. प्लाझ्मा झिरपला की रक्त दाट होते आणि पीसीव्ही चढतो. २० टक्के वाढ म्हणजे मोठी गळती. इथे एक फसगत नेहमी होते. रक्त मुळात कमी असलेल्या बाईचा पीसीव्ही दुसऱ्या दिवशी ३० असेल आणि पाचव्या दिवशी ३६ आला, तर छापील तक्त्यात तो नॉर्मलमध्ये बसतो. प्रत्यक्षात तो २० टक्क्यांनी चढलेला असतो. पहिला आकडा हाताशी नसेल तर हे कुणालाच कळत नाही. पीसीव्ही चढतोय आणि प्लेटलेट झपाट्याने घसरताहेत, ही जोडी दिसली की घरी थांबू नका. पुढचे सीबीसी त्याच लॅबमध्ये करा. प्लेटलेट अचानक फारच कमी दिसल्या तर काचपट्टीवर मोजायला सांगा. नळीत त्यांचे पुंजके झाले की मशीन चुकते.

रक्तात एनएस१ शोधणारी चाचणी पहिल्या पाच दिवसांत, प्रतिपिंडे (अँटीबॉडी) शोधणारी आयजीएम त्यानंतर. दोन्ही शक्यतो एलायझा या लॅबमधल्या पद्धतीने. एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे होत नाही, विशेषतः आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाच्या प्रतिपिंडांचा साठा मध्यम पातळीवर आला असता दुसऱ्या प्रकाराने गाठले तर आजार बळावण्याचा धोका वाढतो, हे निकाराग्वातल्या मुलांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. पूर्वी डेंग्यू झालेल्याकडे जास्त लक्ष ठेवायचे ते यासाठी.

ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, मोठ्यांना दिवसात ३ ग्रॅमच्या आत. मुलांच्या सिरपची बाटली वाचूनच माप भरा. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असते, दुसरीत २५०. २० किलोच्या मुलाला दुसरीचे ५ मिली पुरतात. तेवढेच पहिलीचे दिले तर डोस अपुरा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड देऊ नका, रक्तस्राव वाढतो. मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" मागून आणली तर पाकिटावरचे नाव नक्की बघा. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

नुसते पाणी पाजत राहू नका. ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, शिवाय मीठ घातलेली पेज, आंबील, ताक, शहाळे. मुलाला दिवसभरात पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला ५० मिली. म्हणजे १५ किलोच्या मुलाला साधारण सव्वा लिटर, घोट घोट करून. सोलकढी आणि बीट या दिवसांत टाळलेले बरे, नाहीतर उलटीतला लाल रंग रक्ताचा की कोकमाचा, यावरून घरभर गोंधळ. पपईच्या पानांच्या रसाने गळती थांबते याला पुरावा नाही, आणि रिकाम्या पोटी तो उलटीच काढतो.

पोटात सतत दुखणे, काही पोटात न ठरणे, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, पाळीत नेहमीपेक्षा जास्त स्राव, धाप, गुंगी किंवा विनाकारण चिडचिड, सहा तास लघवी नाही, यातले एकही दिसले की निघा. हातपाय गार आहेत का बघा. नख पाच सेकंद दाबून सोडा. रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेळ दवडू नका. बीपीचे वरचा-खालचा दोन्ही आकडे मागा. १००/८० ऐकायला बरे वाटते, पण दोहोंतले अंतर २० वर आले की तो शॉकच. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांनी गाडीची सोय ताप उतरायच्या आधीच ठरवून ठेवावी. रात्री मुसळधार पावसात गाडी शोधत बसायची वेळ येऊ नये. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे जावे. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत चालतो.

दवाखान्यात गेल्यावर "प्लेटलेट चढवा" म्हणून मागे लागू नका. सिंगापूर-मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, प्लेटलेट २०,००० किंवा खाली असूनही मोठा रक्तस्राव नसलेल्यांना त्या दिल्याने रक्तस्राव कमी झाला नाही; उलट दुष्परिणाम वाढले. सलाईनचेही तसेच. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट वजनाच्या मापाने, तासातासाला बघून द्यावे लागते. गळती थांबल्यावर झिरपलेले पाणी दोन-तीन दिवसांत आपोआप रक्तात परतते. तेव्हा "अशक्तपणा आहे" म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन बाटल्या लावून घेतल्या तर फुफ्फुसात पाणी भरून धाप लागते. ४८ तास ताप नाही, जेवण जाते, लघवी नीट होते, पीसीव्ही स्थिर आणि प्लेटलेट चढत्या, एवढे झाले की डिस्चार्ज घ्या. प्लेटलेट दीड लाखावर पोचेपर्यंत खाटेवर पडून राहायची गरज नसते.