रोबोटिक्स स्पर्धेतलं स्काउटिंग: शाळेच्या संघाची तयारी कशी करावी

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेच्या सामन्यात मैदानावर ४ रोबोट असतात, २ लाल बाजूचे आणि २ निळ्या बाजूचे. फलकावर गुण लागतात ते जोडीचे, म्हणजे अलायन्सचे. त्यातले कोणी कमावले आणि कोणाचा रोबोट कोपऱ्यात अडकून पडला, हे फलकावरून कळत नाही. पात्रता फेरीत जोडीदार वेळापत्रक ठरवतं, त्यामुळे क्रमवारीत वर असलेला संघ चांगलाच असेल असं नाही. बाद फेरीसाठी मात्र वरचे संघ जोडीदार स्वतः निवडतात. लातूर-नांदेडहून रात्रभर प्रवास करून गेलेल्या मुलांनी ही निवड ऐकीव माहितीवर का करावी? प्रत्येक रोबोटचा खेळ बघून नोंदवून ठेवणं, हेच स्काउटिंग.

१. आधी माणसं नेमा. सामन्याच्या वेळी मैदानाशी जास्तीत जास्त चौघं लागतात: दोन चालवणारे, एक मार्गदर्शक, एक ह्यूमन प्लेअर, म्हणजे खेळातल्या वस्तू हाताने देणारा. उरलेल्यांतून चार जण बघायला बसवा, एकाला एकच रोबोट. दोन रोबोट एकाच्या डोळ्याखाली दिले की दोन्हींची नोंद कच्ची होते. माणसं कमी असतील तर सगळे सामने टिपायचा हट्ट सोडा आणि ज्या संघांना निवडायची शक्यता आहे तेवढ्यांवरच लक्ष ठेवा. बदली मुलं असतील तर दर काही सामन्यांनी पाळी बदला. थकलेला मुलगा अंदाजाने आकडे भरू लागतो.

२. नोंदीचा कागद. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सामना अडीच मिनिटांचा असतो: पहिले ३० सेकंद रोबोट स्वतःहून चालतो (ऑटोनॉमस), पुढची २ मिनिटं मुलं चालवतात. म्हणून कागदाचेही तसेच भाग पाडा. वर सामन्याचा आणि संघाचा क्रमांक. मग ऑटोनॉमसमध्ये काय जमलं, नंतर खेळातल्या किती वस्तू ठरलेल्या जागी टाकल्या, शेवटच्या टप्प्यातलं काम झालं का, दंड किती लागले, रोबोट मध्येच बंद पडला का. मोजणीला शाळेत शिकलेल्या ताळ्याच्या खुणाच वापरा, त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. ज्या रकान्याने निवड बदलणार नाही तो छापूच नका. खेळ दर वर्षी सप्टेंबरमध्ये बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा कागद जसाच्या तसा चालत नाही.

किती प्रती काढायच्या? ३० संघ आणि प्रत्येकाचे ६ सामने धरले तर १८० नोंदी होतात. ए-फोर कागद अर्धा केला की ९० कागदांत काम भागतं. वर थोडे जास्तीचे ठेवा.

३. सामान. महाग काहीच नाही. परीक्षेला वापरतो ती क्लिपची पॅडं, पेन्सिली, शार्पनर, रबरबँड, फाइल, पॉवर बँक, एक्सटेन्शन बोर्ड. लातुरात गंजगोलाईच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळेल. पिटमध्ये, म्हणजे संघ आपले रोबोट ठेवतात आणि दुरुस्त करतात तिथे, शिरायला सुरक्षेचे चष्मे लागतात, ते स्काउटिंगच्या मुलांसाठी वेगळे घ्या.

४. लॅपटॉप, पण इंटरनेटशिवाय. एकाने कागद वाचावा, दुसऱ्याने एक्सेलमध्ये भरावं. स्पर्धेच्या ठिकाणी संघाला स्वतःचं वायफाय किंवा मोबाइल हॉटस्पॉट लावता येत नाही, कारण रोबोटही वायफायवरच चालतात. ऑनलाइन शीटच्या भरवशावर गेलात तर तिथे अडाल. मोबाइलवर नोंद करायचीच असेल तर ॲपने क्यूआर कोड दाखवायचा आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने तो वाचायचा, अशी सोय आधी करून घ्या. तरीही कागदाचा गठ्ठा सोबत हवाच.

५. घरीच सराव. यूट्यूबवर जुने सामने असतात. दोन मुलांना एकच रोबोट टिपायला सांगा आणि आकडे जुळवून बघा. जुळले नाहीत तर नोंद कशाला म्हणायची हे आधी एकदा ठरवून घ्या. गावातल्या कबड्डीच्या सामन्यात एकेका खेळाडूच्या चढाया मोजल्या तरी डोळा तयार होतो.

६. पिटमध्ये बोलणं. सामने सुरू होण्याआधी एक-दोघांनी प्रत्येक संघाला भेटावं: रोबोट काय करतो, ऑटोनॉमस कुठून सुरू होतं, हे विचारावं आणि फोटो परवानगीने घ्यावा. आपली मुलं हुशार असूनही हिंदी-इंग्रजीत बोलायला बुजतात. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं शाळेतच मोठ्याने म्हणून घ्या. पिटमध्ये ऐकलेलं वेगळ्या रकान्यात लिहा आणि निवडताना भरवसा मैदानावर दिसलेल्यावर ठेवा.

७. पसंतीची यादी. निवडीआधी सगळ्यांनी एकत्र बसावं. एकदाच भरपूर गुण करून नंतर दोनदा बंद पडलेल्या रोबोटपेक्षा दर सामन्यात ठरलेलं काम करणारा मला वर वाटतो. आपल्या रोबोटला जे जमत नाही ते त्याला जमतं का, हेही पाहा. संघांना क्रमाने लावा आणि जे अजिबात नकोत त्यांच्यावर खूण करा. बोलावल्यावर एकदा नकार देणाऱ्या संघाला पुन्हा कोणी निवडू शकत नाही, तेव्हा आपल्याला कोणी बोलावलं तर हो म्हणायचं की नाही, हेही आधीच ठरवा. मैदानावर जाणाऱ्या प्रतिनिधीच्या हातात यादीची छापील प्रत आणि पेन्सिल द्या. एकेक संघ निवडला गेला की नाव खोडत जायचं आणि पाळी आली की उरलेल्यांतलं सगळ्यात वरचं नाव घ्यायचं.