येशूच्या बारा शिष्यांची नावं पाठ करताना

गोराईतल्या आमच्या रविवारच्या वर्गात पोरं नावं घडाघडा म्हणतात आणि याकोबापाशी अडखळतात. म्हणून आधी सख्ख्या भावांच्या जोड्या लावा: पेत्र-आंद्रिया, याकोब-योहान. चौघेही मासेमारी करणारे. कोळीवाड्यातल्या पोरांना हे समजावावं लागत नाही! मग फिलिप्प-बर्थलमय, थोमा-मत्तय. थोमासाठी फोर्टचं सेंट थॉमस कॅथेड्रल, आंद्रियासाठी वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च आठवा. दुसरा याकोब अल्फीचा. त्याला बापाच्या नावासकटच म्हणा. कनानी शिमोनही वेगळा, कारण पेत्राचं मूळ नाव शिमोनच.

खरी गोची तद्दयाची. मत्तय आणि मार्कच्या शुभवर्तमानांतल्या यादीत तो आहे, लूकच्या शुभवर्तमानातल्या यादीत त्या जागी याकोबाचा यहूदा. परंपरेनं दोघे एकच. येशूला धरून देणारा इस्कर्योत यहूदा निराळा. त्याच्या जागी पुढे मत्थिया निवडला गेला. नंतर प्रेषित झालेल्या पौलाला मात्र या बारांत घुसवू नका, पोरं हमखास घुसवतात.